धुरकट व्हॅनिलाचा परफ्यूम: नाशिकच्या हवेत किती, कुठे आणि केव्हा

गुऱ्हाळावर काहिलीत काकवी रटरटत असते, खाली चुलाणात चिपाडं जळत असतात, आणि तिथे तासभर उभं राहिलं की दोन्ही वास अंगावरच्या कपड्यांत उतरतात. गोड, धुरकट व्हॅनिलाचा परफ्यूम याच वासाच्या जवळ जातो. मराठी नाकाला तो परका नाही, पण लावायची रीत मोगऱ्याची किंवा वाळ्याची नाही. वाळा उन्हाळ्यासाठीच आहे, मोगऱ्याचा खरा बहरही उन्हाळ्यातलाच. व्हॅनिला मात्र उन्हात चिकट होतो आणि धूर करपट लागतो. पोळीवरचा डाग खरपूस राहणार की करपणार हे जाळ ठरवतो, तसं इथे अंगाची आणि हवेची ऊब ठरवते. म्हणून नाशकात हा परफ्यूम लावताना आधी वेळ बघायची, ऋतू त्यानंतर.

कारण इथला दिवसच तसा आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास किंवा खाली असतो, निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तर आणखी खाली उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी दोनला 28-30. सकाळी सातला स्वेटर चढवून मारलेले चार फवारे दुपारी नुसत्या शर्टावर असताना खोली भरून टाकतात. सकाळचा अंदाज सकाळच्या थंडीवरून बांधायचा नाही, दुपारच्या पाऱ्यावरून बांधायचा. संध्याकाळी बाहेर पडायचं असेल तर उलट: हवा तासातासाला गार होत जाणार आहे, तेव्हा एक फवारा जास्त चालतो.

बाटलीत काय असतं

खाण्याच्या पदार्थांसारखा वास असणाऱ्या परफ्यूमना 'गुरमाँ' म्हणतात. व्हॅनिलाच्या शेंगेतलं मुख्य वासद्रव्य म्हणजे व्हॅनिलिन. 1874 मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं आणि परफ्यूमवाल्यांच्या हाती स्वस्त व्हॅनिला आला. 1925 च्या गेर्लँच्या 'शालिमार'मध्ये त्याचाच जास्त तीव्र भाऊ, एथिल व्हॅनिलिन, भरघोस वापरला गेला. (नाशिककरांना शालिमार म्हणजे आधी चौक आठवणार, पण हे नाव मुघलांच्या शालिमार बागेवरून आलेलं.) आजच्या गोड परफ्यूमची लाट आली ती 1992 च्या म्यूग्लेरच्या 'एंजल'पासून. त्यात एथिल माल्टॉल होतं. जत्रेत मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांचा जो वास, तोच याचा. बहुतेक गोड परफ्यूममध्ये आता ते असतंच, आणि दुपारच्या उन्हात डोकं उठतं तेही बरेचदा त्याच्यामुळे.

धूर अनेक वाटांनी येतो: ग्वायॅक लाकडाचं तेल, बर्चचं डांबर, केड नावाच्या जुनिपरचं तेल, लॅब्डॅनमचा डिंक, तंबाखू, औद (अगरूचं लाकूड). आणि धूर न् व्हॅनिला एकत्र चांगले लागतात ते उगाच नाही. धुराला धुराचा वास देणाऱ्या द्रव्यांतलं एक मोठं द्रव्य म्हणजे ग्वायकॉल, आणि ते व्हॅनिलिनचं सख्खं नातेवाईक. लाकडातलं लिग्निन जळलं की दोन्ही सुटतात. हे नाकाने पडताळायचं असेल तर नाशिकइतकी सोयीची जागा दुसरी नाही: इथल्या एखाद्या वायनरीत ओकच्या पिंपात मुरलेली रेड वाइन फक्त हुंगून बघा. पिंप आतून भाजलेलं असतं. त्या भाजण्यातूनच वाइनमध्ये व्हॅनिलाचा गोडवा आणि मागून येणारा धूर उतरतो. मग स्टीलच्या टाकीतली वाइन हुंगा. दोन्हींतला फरक लक्षात आला की परफ्यूममधला धूर ओळखायला वेळ लागत नाही.

खोक्यावर बारीक अक्षरात घटकांची यादी असते. 'कुमारिन' लिहिलेलं दिसलं तर टोंका बीचा बदामी, गवती गोडवा असण्याची शक्यता मोठी. 'युजेनॉल' म्हणजे लवंगेची बाजू. 'सिनॅमल' म्हणजे दालचिनी. लवंग-दालचिनी जितकी पुढे, तितका परफ्यूम गरम लागणार आणि नाजूक कातडीला चुणचुणण्याचा धोकाही तितका वाढणार.

घेण्याआधी

पूर्ण बाटली घेण्याआधी 2 मिलीची नमुना-कुपी घ्या. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली जातं, म्हणजे 20 फवारे झाले. ते तीन वेगळ्या वेळांना वापरा: एक गार संध्याकाळ, एक दमट दिवस, एक बंद एसी खोलीतला दिवस. कॉलेज रोडच्या दुकानात काउंटरवर कागदाच्या पट्टीवर हुंगून घेतलेला गोड परफ्यूम घरी आल्यावर नकोसा होतो, कारण पट्टी थंड असते, तिला घाम नसतो, आणि पहिल्या पाच मिनिटांत जे दिसतं ते लिंबूवर्गी किंवा मसाल्याचं वरचं पापुद्र्यासारखं आवरण असतं. खरा माल अर्ध्या तासाने उघडतो आणि व्हॅनिला, ऊद, धूर हे तळाचे वास चार तासांनंतर एकटे उरतात. तुम्हाला दिवसभर सोबत करायची आहे ती त्यांची.

एका वेळी तीनच परफ्यूम हुंगा. मध्ये कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आतला भाग हुंगा, नाक तुमच्या स्वतःच्या वासावर परत येतं. धुरकट परफ्यूम पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत डांबरासारखा किंवा औषधासारखा लागू शकतो. तेवढ्यावर नापास करू नका. अर्ध्या तासानंतरही दवाखान्याची आठवण येत असेल तर मात्र तो परफ्यूम तुमच्यासाठी नाही. ग्वायकॉलकडे काही नाकं फार तीव्रपणे बघतात, त्याला इलाज नाही.

आणि बाटली लहान घ्या. थंडीचे चार महिने रोज तीन फवारे धरले तरी 360 फवारे होतात, म्हणजे 36 मिली. हा बाराही महिने वापरायचा परफ्यूम नाही. 100 मिलीची बाटली घेतली तर दोन उन्हाळे तिला सांभाळत बसावं लागतं. 30 किंवा 50 मिली पुरे.

अंगाची तयारी

नाशिकची थंडी कोरडी आहे. हातापायांना भेगा पडतात, अशा कातडीवर परफ्यूम टिकत नाही: त्यातली दारू (अल्कोहोल) उडून जाते आणि वासाची तेलं कातडीत जिरतात. अंघोळीनंतर अंग टिपून घ्या, पुसून कोरडंठाक करू नका, आणि दोन-तीन मिनिटांत बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. पाच मिनिटं थांबा. मग जिथे फवारायचं आहे तिथे ज्वारीच्या दाण्याएवढी साधी पेट्रोलियम जेली बोटाने पसरा, दिसणार नाही इतकी पातळ. त्यावर फवारा. जेलीमुळे वास हळूहळू सुटतो आणि तास-दोन तास जास्त राहतो.

खोबरेल तेलाचं थोडं वेगळं आहे. त्याचा स्वतःचा वास व्हॅनिलाशी जुळतो, पण जोडी बेकरीतल्या नारळी बिस्किटासारखी गोड होते आणि धूर मागे पडतो. ज्यांना धूर थोडा जास्तच वाटतो त्यांनी जरूर करून बघावं. सुगंधी केशतेल, सुगंधी टाल्कम पावडर आणि फुलांच्या वासाचा डिओडरंट हे मात्र त्या दिवशी बाजूला ठेवा. काखेसाठी तुरटी सगळ्यात बरी. ओली करून फिरवायची, तिला वास नाही आणि घामाचा आंबूसपणा ती रोखते. हे महत्त्वाचं, कारण घामाचा आंबट वास आणि साखरेसारखा गोड वास एकत्र आले की आंबलेल्या उसाच्या रसासारखं काहीतरी तयार होतं आणि त्याला लोक परफ्यूमचा दोष समजतात.

नुकतं दाढी किंवा वॅक्सिंग झालं असेल तिथे फवारू नका. पहिल्यांदाच वापरताना कोपराच्या आत एक फवारा मारून 24 तास थांबा. ऊद, टोलू बाल्सम (एका झाडाचा गोड वासाचा डिंक), दालचिनी यांनी काहींना पुरळ येतं.

किती आणि कुठे

पुढचे आकडे ईडीपीचे, म्हणजे 'ओ द पारफँ' या मध्यम तीव्रतेच्या परफ्यूमचे आहेत. बाटलीवर 'एक्स्ट्रे' किंवा नुसतं 'पारफँ' (जास्त तीव्र) लिहिलं असेल तर एक फवारा कमी करा, ईडीटी, म्हणजे 'ओ द त्वालेत' (सौम्य) असेल तर एक वाढवा. बाहेर 15 अंशांच्या खाली असेल आणि अंगात स्वेटर असेल तर चार. 15 ते 25 मध्ये तीन. 25 ते 32 मध्ये दोन. 32 च्या वर एक, तोही सूर्य मावळल्यावर. एप्रिल-मेमध्ये पारा 40 ला टेकतो तेव्हा हा परफ्यूम दुपारी लावूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकच फवारा असला तरी उष्णतेत सगळे थर एकदम सुटतात: जो वास आठ तासांत उलगडायचा तो तासाभरात अंगावर येतो. समोरच्याला त्यातला गोडवाच तेवढा कळतो.

जागा निवडताना मनगट टाळा. आपण हाताने जेवतो, घास तोंडाशी नेताना दर वेळी मनगट नाकाखाली येतं. आमटी-भातात व्हॅनिला मिसळला की दोन्हींची चव जाते. शिवाय हात दिवसातून दहा वेळा धुतले जातात. पहिला फवारा छातीवर, गळ्याच्या खड्ड्याच्या चार बोटं खाली, कपड्याच्या आत येईल असा. कपड्याखालची ऊब वासाला सावकाश वर ढकलते आणि गळ्यापाशी तो मऊ होऊन बाहेर पडतो. धुरकट व्हॅनिलाला सगळ्यात जास्त मानवते ती हीच जागा. दुसरा दोन्ही कोपरांच्या आत वाटून: एका कोपरावर फवारा आणि दुसरा कोपर त्यावर टेकवा. तिसरा मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली. चौथा, थंडीतला, स्वेटरच्या आतल्या बाजूला.

बाटली अंगापासून वीतभर लांब धरा आणि कळ एका दमात शेवटपर्यंत दाबा. अर्धवट दाबली तर धुकं न होता थेंब पडतो, तो ओघळतो आणि तिथे चिकट, काळपट गोडवा साचतो. कित्येक दिवस बंद असलेल्या बाटलीचा पहिला फवारा नळीतल्या हवेमुळे अर्धाच येतो, तो मोजू नका. फवारल्यावर चोळू नका. चोळल्याने वास 'तुटतो' असं म्हणतात तसं काही होत नाही, पण घर्षणाने ऊब येते आणि वरचे हलके वास घाईने उडतात. दोन मिनिटं वाळू द्या, मग कपडे घाला.

दुचाकीवरून जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. तोंडाला स्कार्फ किंवा ओढणी बांधत असाल तर गळ्यावर आणि त्या कापडावर फवारू नका. बांधलेल्या कापडात गोड वास नाकाशी कोंडतो आणि गंगापूर रोडवरून शालिमारपर्यंत येईतो डोकं दुखायला लागतं. कापडात तो चार-पाच दिवस राहतो, धुतल्यावरही थोडा. दुसरं, वाऱ्याने मानेवरचा वास निघून जातो, तेव्हा मानेचा फवारा वाचवून छातीवर द्या.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. लावून अर्धा तास झाला की स्वतःला वास येईनासा होतो. परफ्यूम उडालेला नसतो, नाकाने त्याची नोंद घेणं थांबवलेलं असतं. एकसारखा येणारा कुठलाही वास नाक असाच बाजूला सारतं, आणि गोड, जड वासांच्या बाबतीत हे पटकन होतं. मग माणूस आणखी दोन फवारे मारतो, तासाने आणखी एक, आणि लिफ्टमधले लोक श्वास रोखतात. सहा तासांच्या आत पुन्हा फवारू नका. शंका आली तर घरातल्या कुणाला तरी हातभर अंतरावर उभं करून विचारा. हातभरावर मंद आला आणि दोन हातांवर आला नाही, तर प्रमाण बरोबर आहे.

पावसाळ्यात आकडे कमी करायची गरज फारशी नसते, पण कपडे बघावे लागतात. जुलैमध्ये घरात वाळत घातलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो त्यावर व्हॅनिला पडला तर बुरशी आलेल्या केकसारखा वास येतो. कपड्यांना इस्त्री करा, पूर्ण कोरडे करा, आणि त्या दिवसांत परफ्यूम कातडीवरच लावा, कापडावर नको.

कापड, पैठणी, नथ

व्हॅनिलिन कालांतराने तपकिरी होतं. बाटलीतलं पाणी फिकट पिवळ्यावरून कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं ते यामुळेच, आणि पांढऱ्या सदऱ्यावर फवारलेली जागा दोन धुण्यांनंतर पिवळट दिसते तीही यामुळेच. पांढऱ्या, फिकट कापडावर हा परफ्यूम मारू नका. गडद लोकर आणि जाड सुती कापड यांना तो सगळ्यात छान धरतो. शंका असेल तर आतल्या शिवणीवर एक फवारा मारून दिवसभर ठेवून बघा.

येवल्याची पैठणी असेल तर थेंबही नको. दारूने रेशमावर कडा उमटते, तेलाचा डाग बसतो आणि परफ्यूममुळे जरीकाम काळवंडू शकतं. पैठणी नेसायच्या दिवशी आधी अंगावर फवारा मारा, पाच मिनिटं पूर्ण वाळू द्या, मग ब्लाउज, मग साडी. मोत्यांची नथ, तन्मणी, चिंचपेटी हे सगळ्यात शेवटी घाला. दारूने मोत्याची झळाळी मरते आणि ती परत येत नाही. कापडाला लावायचंच असेल तर जुनी पद्धत वापरा: कापसाच्या फायावर एक फवारा, तो पूर्ण वाळला की पातळ मलमलीत गुंडाळून पर्समध्ये. पर्स उघडली की झुळूक येते.

गजरा माळणार असाल तर विचार करा. मोगऱ्याच्या वासात जडपणा आहे, व्हॅनिलातही आहे. दोन्ही मानेपाशी आले की संक्रांतीच्या हळदीकुंकवात शेजारी बसलेली बाई सरकून बसते. मानेवर गजरा, कोपरात व्हॅनिला, छातीवर काही नाही, अशी वाटणी जमते. तिथे कुणी हाताला अत्तर लावलंच तर ते पालथ्या हातावरच राहील, कोपरापर्यंत येणार नाही.

ऊद आणि 'औद'

इथे एक गोंधळ हमखास होतो. परफ्यूमच्या बाटलीवरचा 'औद' म्हणजे अगरूचं लाकूड: कडू, गोठ्यासारखा, चामड्यासारखा वास. आपल्या घरात धुपाटण्यात टाकतात तो ऊद म्हणजे वेगळीच वस्तू, स्टायरॅक्सच्या झाडाचा डिंक, परफ्यूमच्या भाषेत बेन्झॉइन. त्याला मुळातच व्हॅनिलासारखा गोड वास असतो, त्यात थोडं व्हॅनिलिनही असतं. म्हणजे उदबत्तीतल्या ज्या ऊदाने ती उदबत्ती झाली, तोच अनेक गुरमाँ परफ्यूमच्या तळाशी असतो. 'औद व्हॅनिला' नावाची बाटली देवघराच्या वासाच्या आशेने घेतली तर निराशा होईल. देवघराचा वास हवा असेल तर 'बेन्झॉइन' शोधा.

आणि घरचा ऊद परफ्यूमच्या जोडीला वापरता येतो. न्हायल्यावर केसांना आणि बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची आपल्याकडे रीत आहेच. तीच जरा नेमकी करायची. धुपाटण्यात नारळाच्या करवंटीचे किंवा लाकडी कोळशाचे दोन-तीन निखारे घ्या आणि त्यांच्यावर राखेचा पातळ थर येईपर्यंत थांबा. निखारा लाल असतानाच ऊद टाकला तर तो भडकतो, काळा धूर येतो आणि वास जळका लागतो. राख धरल्यावर हरभऱ्याएवढा खडा ठेवा. धूर पांढरा, पातळ, गोडसर यायला हवा. डोळ्यांत झोंबणारा दाट धूर आला तर ऊदात राळ मिसळलेली आहे, दुकान बदला. धुपाटण्यावर वेताची पाटी उलटी ठेवून तिच्यावर सुती कुर्ता किंवा शाल पसरा, दोन-तीन मिनिटं, तेवढंच. खिडकी उघडी असू द्या, निखाऱ्यांपासून हलू नका, आणि नायलॉन-पॉलिएस्टर जवळ आणू नका. कपडा अर्धा तास हवेवर टांगा. मग अंगावर व्हॅनिलाचा एकच फवारा मारून तो घाला. बाटलीतल्या धुरापेक्षा हा धूर मऊ असतो आणि दिवसभर टिकतो. ज्यांचा परफ्यूम नुसताच गोड आहे, धुराविना आहे, त्यांनी दुसरी बाटली घेण्याऐवजी आधी हे करावं.

जुन्या नाशकातल्या अत्तराच्या दुकानांत 'चोया लोबान' आहे का विचारून बघा. कनौजकडे लोबान मडक्यात जाळून काढलेलं हे काळं तेल, वास अस्सल धुराचा. ते अंगावर सरळ लावायचं नाही. 10 मिली चंदनाच्या अत्तरात काडीच्या टोकाने एक थेंब, एवढं बस होतं. जास्त झालं तर डांबरी रस्ता. आठवडाभर मुरू द्या, मग काडीची एक रेघ छातीवर आणि वर व्हॅनिलाचा एक फवारा.

कुठे लावून जाऊ नये

वाइन टेस्टिंगला जाताना परफ्यूम लावू नका, हा तर अजिबात नाही. पिंपातल्या वाइनमधले जे वास शोधायला तुम्ही गेलात तेच वास तुम्ही अंगावर घेऊन गेलात, तर तुम्हालाही काही कळणार नाही आणि टेबलावरच्या इतरांनाही. सातपूर-अंबडला खाद्यपदार्थांच्या किंवा औषधांच्या उत्पादनात काम असेल तर तिथे नियमच असतात, गोड वास मालात शिरतो. दवाखान्यात भेटायला जाताना, दमा किंवा अर्धशिशी असणाऱ्यांकडे, पहिल्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईकडे, तान्ह्या बाळाला घ्यायला जाताना नको.

पंचवटी एक्स्प्रेसच्या एसी डब्यात तीन-चार तास काढायचे असतील तर निघण्याआधी तासभर, कपड्याच्या आत, एकच फवारा. मंदिराच्या रांगेतही तोच हिशोब.

चुलीवरची मिसळ खायला किंवा जानेवारीत मळ्यावर हुरड्याला जाताना धुरकट परफ्यूम वाया जातो. आगटीचा खरा धूर त्याला पाच मिनिटांत गिळतो आणि तर्रीचा मसाला उरलेलं काम करतो. तिथे नुसता साधा व्हॅनिला लावा, धूर तिथला मिळेल. कणसं भाजताना अंगावर चढणारा धूर आणि आतून येणारा व्हॅनिला ही जोडी खरंच फार सुंदर लागते. परत येताना गाडीत कळेल.

जास्त झालं तर

लगेच साबण-पाण्याने घासू नका, वासाची तेलं तेवढ्याला दाद देत नाहीत. कापसावर बिनवासाचं सॅनिटायझर घेऊन ती जागा दोनदा पुसा, दर वेळी नवा कापूस. मग चमचाभर साधं शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल चोळून मिनिटभर ठेवा, टिशूने टिपा आणि शेवटी साबण. वास बराच खाली येतो. वरून दुसरा परफ्यूम मारून झाकायला गेलात तर दोन्ही सोसावे लागतात. कपड्यावर जास्त पडला असेल तर तो सावलीत, वाऱ्यावर एक रात्र टांगा, मग धुवा.

नुसता गोडवाच वर येत असेल आणि धूर दिसत नसेल, तर जागा बदला: अंगावरून उचलून गडद लोकरी कापडावर एक फवारा. कापड थंड असल्याने गोडवा तिथे आवरता राहतो. उलट धूर टोचत असेल तर कातडीवर, जेलीच्या थरावर लावा, तिथे व्हॅनिला लवकर पुढे येतो.

बाटली कुठे ठेवायची

खोक्यातच, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट मे महिन्यात संध्याकाळी हाताला गरम लागतं, तिथे नको. बाथरूम, खिडकीची चौकट, गाडीचा डॅशबोर्ड यांपैकी कुठेही नको. फ्रिजची गरज नाही. ठेवायचीच असेल तर आतल्या बाजूला ठेवा, दारात नको, कारण दार उघडमीट केल्याने तापमान सारखं हलतं. रंग गडद होणं ही खराबी नाही. पहिल्याच फवाऱ्यात नखांच्या रिमूव्हरसारखा किंवा आंबट, पत्र्यासारखा वास आला आणि तो दहा मिनिटांत गेला नाही, किंवा पाणी गढूळ दिसायला लागलं, तर अंगाला लावणं थांबवा. अशी बाटली फेकण्याआधी स्वेटर-शालींच्या पेटीत फायावर दोन फवारे मारून, वाळवून, कागदात गुंडाळून ठेवा. दिवाळीनंतर पेटी उघडाल तेव्हा वरचा बिघडलेला वास उडून गेलेला असेल आणि लोकरीत तळाचा व्हॅनिला राहिलेला असेल.